इन्सर्ट इअरफोन: ईआर-३ए की ईआर-२?

गंगापूररोडकर:
नाशिकात छोटं क्लिनिक आहे. रोजची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), बाळांची बेरा (आवाजाला मेंदूकडून येणारा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी), मधूनमधून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामगारांची तपासणी. तिथे साउंडप्रूफ खोली कुठली, कॅन्टीनशेजारची खोली रिकामी करून देतात आणि पलीकडे कुकरच्या शिट्ट्या! त्यात आता पीएचडीसाठी ८००० हर्ट्‌झच्या वरचंही मोजायचंय. इन्सर्ट इअरफोन, म्हणजे फोमच्या बोळ्यातून कानात बसणारे इअरफोन घ्यायचेत. ईआर-३ए आणि ईआर-२ या मॉडेल्सपैकी एका जोडीत भागेल का? बजेट बेताचं आहे.

कर्णपिशाच्च:
नाही भागणार. ईआर-३ए मुद्दाम जुन्या टीडीएच-३९ हेडफोनच्या वळणावर बनवलाय, वरच्या स्वरांत तो ढेपाळतो. ईआर-२ कानाच्या पडद्यापाशी १०००० हर्ट्‌झपर्यंत जवळपास सपाट, आणि ८००० हर्ट्‌झच्या वरच्या चाचणीसाठीचे संदर्भ-आकडे (निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळ्या) आयएसओ ३८९-५ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. पण त्याचा जोर कमी. तीव्र बहिरेपणाच्या पेशंटला तो पुरत नाही. म्हणून क्लिनिकला ३ए घ्या, आणि ईआर-२ जमलं तर गाइडकडून विभागाच्या खर्चात मागवून घ्या.

कारखान्यात मात्र सगळी मदार इअरफोनच्या टोकाच्या फोमवर. चांगला बारीक वळा, पिन्ना (कानाची पाळी) वर-मागे ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट बाहेर लोंबणारा फोम म्हणजे कुकरच्या शिट्टीला आमंत्रण. नीट बसला की मास्किंगची (दुसऱ्या कानात खरखर सोडून तो गुंतवून ठेवण्याची) कटकटही कमी होते, कारण आवाज पलीकडच्या कानात सहज ओलांडत नाही. आणि आधी ओटोस्कोपने कानात बघा! मळ असलेल्या कानात फोम कोंबला तर मळ आत ढकलला जातो, वर नळीचं तोंड बुजतं ते वेगळंच.

सिडकोवाला:
बेरासाठी इअरफोनपासून फोमपर्यंत आवाज नेणारी ती लांब नळी अडचणीची वाटते. थोडी कापली तर?

कर्णपिशाच्च:
अजिबात नको! त्या नळीमुळेच आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि इलेक्ट्रिकल आर्टिफॅक्ट (इअरफोनच्या विजेचा नोंदीत घुसणारा खोटा सिग्नल) प्रतिसादापासून वेगळा पडतो. कापलीत की वेळही बदलेल आणि कॅलिब्रेशनही (आवाजाच्या पातळीची जुळणी). मशीनमध्ये इन्सर्ट निवडलंय ना, तेवढं बघा. नाहीतर बेराच्या आलेखातली पाचवी लहर विनाकारण लांबलेली (उशिरा आलेली) दिसेल आणि बाळाचे आई-बाप घाबरतील.

गंगापूररोडकर:
धन्यवाद मॅडम. ऑडिओमीटरला सध्या हेडफोन आहेत. इन्सर्ट नुसते लावले तर चालतील?

कर्णपिशाच्च:
नाही हो, ऑडिओमीटरमध्ये भरलेले संदर्भ-आकडे हेडफोनचे. इन्सर्टचे आयएसओ ३८९-२ मध्ये वेगळे आहेत. कॅलिब्रेशनवाल्याला फोनवरच बजावा की २ सीसी कपलर (आवाज मोजायची कानासारखी छोटी पोकळी) घेऊन ये. हेडफोनचा ६ सीसीवाला घेऊन आला तर चहा पाजून परत पाठवा. ऑर्डर देण्याआधी ऑडिओमीटरच्या मॅन्युअलमध्ये इअरफोनचे ओहमही (विद्युत रोध) बघा, १० आणि ३०० असे दोन्ही मिळतात.