मेजर (मुख्य विषय) कुठलं टाकू, आणि तंबोऱ्याचा व्हिडिओ पाठवू का?

मिरजवाला_बारावी: अमेरिकेत अप्लाय करतोय, फिजिक्स टाकू का कॉम्प्युटर सायन्स तेच ठरेना. काकांचं मिरजेत तंबोऱ्याचं दुकान आहे, तिथं बसून जवारीवर (तारा टेकतात ती घोडी) तारेखाली दोरा सरकवला की आवाज कसा खुलतो ते मोबाईलवर रेकॉर्ड करून त्याचे ग्राफ काढलेत, ते जोडता येईल का? वडील म्हणतात कॉम्प्युटरच टाक.

कृष्णाकाठ: आधी कॉलेज बघ मग मेजर. एमआयटीत ॲडमिशन मेजरवर नसतेच, पहिलं वर्ष संपताना ठरवायचं. पण इलिनॉय अर्बाना-शँपेनसारख्या ठिकाणी कॉम्प्युटर नंतर बदलून मिळणं लई अवघड, तिथं हवं असेल तर आत्ताच टाक. आणि तुझं सगळं काम आवाजाचं, मग वडलांसाठी कॉम्प्युटर कशाला टाकतोस, निबंधात लगेच कळतं.

भडंगप्रेमी: जोडायचं का नाही हे कॉलेजप्रमाणे बदलतं भावा, त्यांच्या साइटवर नीट वाच. एमआयटीला मेकर पोर्टफोलिओ (स्वतः बनवलेलं दाखवायची जागा) वेगळा असतो, तिथं हे फिट बसतंय. यूसीवाल्यांना (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) असलं काही मागितल्याशिवाय पाठवू नको. कॉमन ॲपच्या (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच फॉर्म) ॲक्टिव्हिटीत दहाच जागा आणि वर्णनाला १५० अक्षरं, त्यात मावत नाही ते जोडायचं, स्पर्धांच्या सर्टिफिकेटचा गठ्ठा नको.

मिरजवाला_बारावी: सर्टिफिकेटं कालच स्कॅन केली ना राव. व्हिडिओत काका बोललेले चालतील का?

भडंगप्रेमी: दोन वाक्यं चालतील, खाली इंग्रजी सबटायटल टाक. बाकी दोरा, तार आणि तुझा ग्राफ दाखव.