मदत हवी आहे : धावताना गुडघा ‘आत पडतो’ तो नक्की किती? दोन मोबाइलवर थ्रीडी मोजमाप जमेल का? (नाशिक)

टाचदुखी :
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एमपीटीएच (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) करतेय, विषय क्रीडा फिजिओथेरपी. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) तोंडावर आलाय. प्रबंधासाठी लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींचे गुडघे घेतलेत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या (म्हणजे धावपटू कविता राऊतच्या सावरपाड्याच्या पट्ट्यातल्या) मुली इथे सरावाला असतात. त्यांच्यात वाटीच्या मागे दुखण्याची तक्रार सारखी ऐकू येते. पाऊल टेकताना गुडघा आत झुकतो का, किती झुकतो, हे मला मोजायचंय.

सध्या समोरून मोबाइलवर व्हिडिओ घेऊन किनोव्हिया या व्हिडिओ-मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कोन काढते. अडचण अशी की मोबाइल बरोबर समोर असला तर एक आकडा येतो आणि दोन पावलं डावीकडे सरकवला तर दुसरा. त्याच मुलीचा, त्याच वेगाने. हा फरक दोन मुलींमधल्या फरकाएवढा निघतो, मग मी मोजतेय तरी काय? गाइड म्हणतात, थ्रीडी करा. म्हणणं सोपं आहे. मोशन कॅप्चरची (अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल थ्रीडीत टिपणारी) लॅब आमच्याकडे नाही आणि पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये मुलींना नेणं परवडणारं नाही. दोन मोबाइलवर काही जमेल का? गणित बारावीनंतर सुटलंय, मॅट्रिक्स म्हटलं की पोटात गोळा येतो, तेव्हा जरा सांभाळून सांगा.

पहाटपळ्या :
गुडघा दुखतोय तर आधी बूट बदलायला सांगा. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

ओळंबा :
पहाटपळ्या, ताईंना मोजायचंय हो, बूट विकायचे नाहीत.

ताई, मी डॉक्टर नाही. सातपूरला कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे, दिवसभर सीएमएम मशिनवर (वस्तूची मापं थ्रीडीत घेणाऱ्या) जॉब, म्हणजे तयार झालेले सुटे भाग, मोजतो. पण तुमचा प्रश्न आमच्याच जातीचा आहे. फोटोतला एक ठिपका म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली एक सरळ रेघ. वस्तू त्या रेघेवर कुठेतरी आहे, कुठे ते एकटा कॅमेरा सांगू शकत नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची रेघ तिला छेदली की जागा पक्की होते. इतकंच थ्रीडी, बाकी सगळी हिशेबाची कटकट. ही कटकट लोकांनी हाताने केलेली आहे. ब्राउने आणि फिशर या जर्मन जोडीने माणसाच्या चालण्याचं त्रिमितीय मोजमाप १८९५ पासून छापायला सुरुवात केली. अंगाला चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून अंधारात फोटो काढायचे आणि मग कागदावर गणित. तुमच्याकडे निदान लॅपटॉप आहे.

रेघ नेमकी कुठून कशी जाते हे कळण्यासाठी कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे जागा माहीत असलेले बिंदू दाखवून कॅमेऱ्याचा हिशेब बसवणं. अब्देल-अझीझ आणि करारा यांनी १९७१ साली मांडलेली डीएलटी पद्धत अजून चालते. प्रत्येक कॅमेऱ्याची ११ अज्ञातं असतात आणि जागा माहीत असलेला प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो. म्हणजे किमान ६ बिंदू हवेत, आणि ते एका पातळीत असून चालत नाहीत. प्रत्यक्षात १५-२० घ्या. कॅलिब्रेशनची महागडी चौकट नको. चार-सहा ओळंबे टांगा, दोरीवर ठरावीक उंचीला रंगीत टेप लावा, झालं. मॅट्रिक्स सॉफ्टवेअर सोडवतं.

खरी मारामारी मोबाइलशी आहे. व्हिडिओ स्टॅबिलायझेशन आधी बंद करा. ते चित्र हळूच सरकवतं आणि कॅलिब्रेशनची वाट लावतं. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. दोन्ही मोबाइल स्टँडवर, एकमेकांशी साधारण काटकोनात ठेवा आणि कॅलिब्रेशननंतर स्टँडला कुणाचा पायही लागू देऊ नका. शटर १/१००० सेकंद तरी हवं, म्हणून ऊन नीट पडल्यावर शूटिंग करा, भल्या पहाटे नको. दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा एलईडी फ्लॅश द्या, त्यावरून फ्रेम जुळवता येतात. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या तर एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. पुढे फेकला जाणारा पाय सेकंदाला ८ मीटरने जात असेल तर तेवढ्यात तो ३ सेंटिमीटरच्या वर सरकतो. जुळवणीत अर्ध्या फ्रेमची चूक राहिली तरी दीड सेंटिमीटर गेला.

शेवटी आमच्याकडची सवय सांगतो. गेज तपासल्याशिवाय जॉब मोजायचा नाही. दोन टोकांना चेंडू लावलेली, लांबी पक्की माहीत असलेली काठी त्या जागेत सगळीकडे फिरवा आणि लांबी काढा. मधोमध बरोबर आणि कडेला वेगळी येत असेल, तर कडेला मुलगी पळवू नका.

जुनी फिजिओ :
ओळंबा यांनी बिंदूंपर्यंत छान आणलं. पण बिंदू म्हणजे सांध्याचा कोन नव्हे, आणि सगळ्यांची गाडी इथेच घसरते.

मांडीच्या हाडाला स्वतःचे तीन अक्ष हवेत, नडगीच्या हाडाला स्वतःचे तीन. त्यासाठी प्रत्येक भागावर एका रेषेत नसलेले किमान तीन बिंदू लागतात. मग ग्रूड आणि संटे यांनी १९८३ साली गुडघ्यासाठी दिलेल्या पद्धतीने कोन काढायचे. वाकणं-सरळ होणं मांडीच्या आडव्या अक्षाभोवती, गोल फिरणं नडगीच्या उभ्या अक्षाभोवती आणि आत-बाहेर झुकणं या दोघांना काटकोनात असलेल्या तिसऱ्या, तरंगत्या अक्षाभोवती.

आता तुमच्या आकड्यांचं गूढ. समोरून ‘गुडघा आत’ दिसतो त्यात मांडी आत येणं, मांडी आत वळणं आणि गुडघा वाकणं या तिन्हींची खिचडी असते. खुद्द सांध्यातला झुकाव बहुतेकदा थोड्याच अंशांचा. कॅमेरा सरकवला की खिचडीचं प्रमाण बदलतं. क्रिकेटवाल्यांना हे चांगलं माहीत आहे. गोलंदाजाचा कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होतो का, हे आयसीसी टीव्हीच्या एका व्हिडिओवरून ठरवत नाही, थ्रीडी लॅबमध्ये पाठवते. कारण मुळात वाकलेला हात नुसता खांद्यातून फिरला तरी पडद्यावर सरळ झाल्यासारखा दिसतो.

थ्रीडी केलं म्हणून सुटका नाही बरं का. गुडघ्याचा आडवा अक्ष ठरवताना १० अंश वळला, तर ६० अंश वाकलेल्या गुडघ्यात जवळजवळ ९ अंशांचा खोटा झुकाव दिसतो. जी गोष्ट शोधताय तिच्याहून चूकच मोठी. शिवाय मार्कर (बिंदू दिसावा म्हणून अंगावर चिकटवलेली खूण) कातडीवर असतो, हाडावर नाही. मांडीचं मांस प्रत्येक पावलाला थरथरतं आणि मार्कर त्याच्याबरोबर. फिल्टरने कॅमेऱ्याचा गोंगाट जातो, ही थरथर पूर्ण जात नाही, कारण ती पायाच्याच तालात असते. आणि चालण्यासाठीचा ६ हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर (त्याहून जलद बदल गाळणारा) धावण्याला डोळे मिटून लावू नका, पाऊल आपटतानाची माहितीच पुसली जाईल.

म्हणून माझं स्पष्ट मत : दोन मोबाइलवर गुडघ्याचा झुकाव आणि पिळ हा प्रबंधाचा मुख्य आकडा करू नका. धडाचा कल, ओटीपोटाचं एका बाजूला खाली जाणं, मांडी आत येणं, दोन पावलांमधली रुंदी आणि टेकताना गुडघा किती वाकलेला आहे, हे घ्या. हे झेपेल, आणि परीक्षकासमोर उभं राहता येईल.

टाचदुखी :
ताई, दादा, खूप आभार. जुनी फिजिओ ताई, तुमचं वाचून सिनॉप्सिसचं शीर्षकच बदलायला घेतलंय. एका मैत्रिणीने ओपनकॅप हे व्हिडिओवरून थ्रीडी हालचाल काढणारं सॉफ्टवेअर सुचवलं होतं. दोन आयफोन किंवा आयपॅड लागतात, मार्कर नकोत. ते वापरू का?

जुनी फिजिओ :
वापरा की. स्टॅनफर्डचं आहे, संशोधनासाठी फुकट, आणि चेसबोर्डसारखा छापील कागद दाखवून कॅलिब्रेशन होतं. पण दोन गोष्टी. चित्रावरून ते शरीरावरचे बिंदू ओळखतं आणि सांगाड्याच्या मॉडेलवर बसवतं, म्हणून हाडाच्या स्वतःभोवतीच्या पिळाबद्दल त्याच्यावर विसंबू नका. दुसरं, व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर जातात. मुली अठराच्या आतल्या असतील तर पालकांची लेखी संमती, मुलींचा स्वतःचा होकार आणि ‘व्हिडिओ बाहेर जाणार’ हे एथिक्स कमिटीच्या अर्जात मराठीत, ठळक. पाड्यावर जाऊन वाचून दाखवा, नुसता अंगठा घेऊन येऊ नका.

टाचदुखी :
हो, ते करणारच. ओळंबा दादा, किती लांब जागा कॅलिब्रेट करू? मैदानावर वारा असतो, दोऱ्या हलणार.

ओळंबा :
ताशी १४ किलोमीटरच्या आसपास पळत असतील तर उजव्या पायापासून पुन्हा उजव्या पायापर्यंत पावणेतीन मीटर धरा. चार मीटर लांबी घ्या, म्हणजे एक आवर्तन पूर्ण सापडेल. वाऱ्यासाठी ओळंब्यांची टोकं पाण्याच्या बादल्यांत बुडवा, गप राहतात. आणि दोरीवरच्या रंगीत खुणांमधली अंतरं स्टीलच्या मोजपट्टीने मोजा, शिंप्याच्या कापडी टेपने नको, ती ताणली जाते.