नियमशास्त्र पाळून माणूस नीतिमान ठरतो का? रमाबाईंची आठ वर्षं

भीमथडीकर:
रविवारी मंडळीत बायबलमधल्या निकदेमावर उपदेश होता. निकदेम पाच मिनिटांत आटोपला. पुढचा अर्धा तास सिनेमा नको, कुंकू नको, तंबाखू नको. घरी येऊन योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय पुन्हा काढून बसलो. निकदेम परूशी, म्हणजे काटेकोर यहुदी पंथातला; नियमशास्त्र, म्हणजे मोशेकरवी आलेल्या देवाच्या आज्ञा, कोळून प्यायलेला. येशू त्याला आणखी एकही नियम देत नाही. नव्याने जन्मला पाहिजेस, एवढंच सांगतो. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, ‘नव्याने’ आणि ‘वरून’. स्वतःचा जन्म कोणी स्वतः घडवत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडात वाँटेजला. पुढे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी उमगलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. अभ्यासात, त्यागात ही बाई कुठे कमी होती? १८८९ मध्ये शारदा सदन उभं केलं ते याच आठ वर्षांत. नियमशास्त्र रोग दाखवतं, बरा करत नाही. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो बायबलच्या उत्पत्ती पुस्तकाच्या १५व्या अध्यायात. सुंता १७व्यात. आणि नियमशास्त्र आलं प्रेषित पौलाच्या हिशेबाने ४३० वर्षांनी. विश्वास आधी, नियम नंतर, हा क्रम उलटा करून शिकवू नका, एवढीच माझी कळकळ.

वसईकरीण:
दादा, निकदेमाला येशूने ‘पाण्यापासून व आत्म्यापासून’ असं सांगितलं. तुम्ही पाणी गाळलंत. आम्हा कॅथलिकांकडे तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देतात. त्याने काय कमावलेलं असतं? कृपा आधी येते हे याहून स्पष्ट कसं दाखवायचं? रमाबाईंचा १८८३चा बाप्तिस्मा मी वाया गेलेला मानणार नाही. बी तेव्हाच पडलं, उगवायला आठ वर्षं लागली.

आणखी एक. पौलाच्या रोमकरांस पत्रात ३:२८ ला ‘केवळ विश्वासाने’ मधलं ‘केवळ’ प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात घातलं, ग्रीकमध्ये ते नाही. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे पुढे ‘नव्हे’ आहे.

भीमथडीकर:
ताई, शब्द नसेल, पण त्याच ओळीत ‘नियमशास्त्रातील कर्मांवाचून’ आहे ना? शिवाय १९९९ साली आउग्सबुर्गला तुमच्या कॅथलिक चर्चने ल्यूथरनांसोबत (ल्यूथरच्या पंथाच्या चर्चेससोबत) संयुक्त घोषणापत्रावर सही केली. आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, कृपेनेच देव स्वीकारतो, असं त्यात दोघांनी मान्य केलंय. त्या मुद्द्यावर आपलं भांडण उरलेलं नाही. पाण्यावर उरलंय, ते कबूल.

नवगावकर:
मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी आहे. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी घाणा बंद. बाकी बरंच विस्मरणात गेलं तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, सुटला नाही, आणि त्यानेच आम्हाला टिकवलं. तुम्ही दोघंही तोरा, तुमच्या भाषेत नियमशास्त्र, म्हणजे पाठीवरचं ओझं असल्यासारखं बोलता. आमच्याकडे सिम्हात तोराच्या सणाला ती उराशी धरून नाचतात. ओझं घेऊन कोणी नाचतं का? आम्हाला ती तारण (मुक्ती) कमावायला दिलेली नाही. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सोडवलं आधी, आज्ञा दिल्या नंतर. कृपा आधी हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात मोशे म्हणतो, ही आज्ञा अवघड नाही, दूर नाही, तुझ्या मुखात आणि हृदयात आहे. पौल रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात हेच शब्द उचलतो, पण आज्ञा काढून त्या जागी ख्रिस्त ठेवतो. मला ते पटत नाही.

नगरची लेक:
नवगावकरकाका, तुमचा हा मुद्दा मला भिडला. माझी आई धुणीभांडी करायची. स्वतःला विश्वासू, म्हणजे श्रद्धावान ख्रिस्ती, म्हणवणाऱ्या एका घराने तिचे तीन महिन्यांचे पैसे बुडवले आणि प्रार्थनेला मात्र तिला रोज बोलवायचे. साक्ष द्यायचे, ‘आम्ही आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत.’ मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको, हे नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. आमच्या घरी त्या रात्री नियमशास्त्रच हवं होतं. भीमथडीकरदादा, यहेज्केलच्या ३६व्या अध्यायात देव नवं हृदय देतो, पण लगेच पुढे म्हणतो की मी तुम्हाला माझ्या नियमांनी चालायला लावीन. तुम्ही नव्या जन्मापाशी थांबता. जन्मलेलं मूल चालणार की नाही?

भीमथडीकर:
ताई, तुमच्या आईचे पैसे बुडवणाऱ्यांची बाजू मी घेऊच शकत नाही. कर्मांवाचूनचा विश्वास मेलेला, हे याकोबाचं म्हणणं त्यांनाच लागू आहे. मूल चालणारच. पण चालल्यामुळे ते जन्मत नाही, यावर मी ठाम आहे.

नवगावकर, मिसराचा क्रम तुम्ही बरोबर दाखवलात. पौलाने नियमशास्त्राला बालरक्षक म्हटलंय, म्हणजे मुलाला शाळेत नेऊन सोडणारा घरचा दास. त्याचा अपमान करायचा नसतो, हे मी उपदेश ऐकताना विसरलो होतो. ‘रोग दाखवतं, बरा करत नाही’ म्हणताना माझा सूर कडू होता.

वसईकरीण:
मग रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायाचं काय? ‘जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही’ म्हणणारा पौलाचा ‘मी’ नव्या जन्माआधीचा की नंतरचा? संत ऑगस्टीनने आधी एक म्हटलं, म्हातारपणी दुसरं. माझ्यापुरतं सांगते, मी चर्चमध्ये पापांच्या कबुलीजबाबाला जाते तेव्हा तो ‘मी’ नंतरचाच असतो.