आधी परवानगी, मग प्रश्न

'आपल्या पापांबद्दल चर्चच्या पास्टरांजवळ बोललं की झालं, मित्राला कशाला सांगायचं?' असं काहींचं मत असतं, ते मला पटत नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:१६) पापं एकमेकांजवळ कबूल करा असंच आहे, आणि एकमेकांसाठी प्रार्थना करणंही त्याच वचनात. इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम केले, त्यात येणाऱ्याला आधीच विचारलं जाई: तुझे दोष तुला सांगितलेले हवेत का? ही परवानगी फार मोलाची.

वडोदऱ्यात मी आणि माझा मित्र दर गुरुवारी कमाटीबागेत फिरतो. दोन वर्षं नुसत्या गप्पाच. मग मीच म्हटलं, माझ्या रागाबद्दल विचारत जा. आता तो विचारतो, मी घरी कुणावर ओरडलो ते सांगतो, बाकावर बसून प्रार्थना करतो. महिनाभराने त्यानेही स्वतःच्या कर्जाचा विषय काढला.