नेक्सॉन की ब्रेझा? दोन्ही सीएनजी

कोल्हापूर-कणकवली, महिन्याला दोन फेऱ्या, गगनबावड्यावरून. आईचे गुडघे गेलेत, वाकून बसायची गाडी नको. काय घेऊ?

— दादा, तीन वर्षं ब्रेझा सीएनजी चालवतोय. तक्रार एकच, टाकी डिकीत. आंब्याच्या पेट्या मागच्या सीटवर, बायको पुढे, सासूबाई एसटीने! अजून ऐकतोय.

— नेक्सॉनच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी, वर सामान मावतं. चढाला मी पेट्रोलवर टाकतो, गॅसवर दम लागतो. शिवाय इंजिन 1200 सीसीच्या आत, म्हणून सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के. ब्रेझाचं 1462 सीसी, तिला 40.

आभारी आहे. काल आईला दोन्हींत बसवलं. नेक्सॉनमधून उतरेचना, म्हणाली, "चल आता कणकवलीला." शोरूमवाला जबरदस्तीने सीट कव्हर गळ्यात मारतोय, ते कसं टाळू?