लिमरिकला खोली कुठे घ्यावी?

आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठात शिकायला येणाऱ्यांना कुणीतरी सल्ला दिलाय की कॅम्पसवर करमत नाही, शहरातच खोली घ्या. मला नाही पटत. विद्यापीठ शहराबाहेर, कॅसलट्रॉय या उपनगरात आहे. शहरात राहिलं तर रोज बसची वाट बघण्यात जीव जातो. शॅनन नदी कॅम्पसमधूनच वाहते. पलीकडच्या, क्लेअर जिल्ह्यातल्या काठावर, थॉमंड व्हिलेज या कॅम्पसवरच्या विद्यार्थी-निवासात खोली मिळाली तर २००७ साली झालेला लिव्हिंग ब्रिज चालत ओलांडायचा, की वर्ग. हिवाळ्यात पुलावर वारा असा झोंबतो की छत्री उलटी होते, म्हणून टोपीवालं जॅकेटच आणा. ५० मीटरचा तरणतलाव आहे, पोहायला शिकाच! स्वयंपाकघर मात्र सामायिक असतं. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजलाच समजा. आणि प्रवेश पक्का झाला की त्याच दिवशी खोलीसाठी अर्ज करा.