कीटन आवाजामुळे मागे पडला नाही

बोलपट आले आणि आवाज चालला नाही म्हणून मूकपटांच्या काळातला अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन संपला, असं एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. त्याचा जाडाभरडा आवाज त्याच्या त्या कधीच न हसणाऱ्या, निर्विकार चेहऱ्याला उलट शोभायचा, आणि त्याचे सुरुवातीचे बोलपट धंद्याच्या दृष्टीने चांगले चाललेही.

घात केला तो १९२८ साली एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओशी केलेल्या कराराने. त्याआधी स्वतःचं युनिट होतं, हाताखालची माणसं ठरलेली, विनोद बरेचदा सेटवरच सुचायचे. त्याच्या 'स्टीमबोट बिल ज्युनियर' या मूकपटातलं वादळ आठवा. घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्यावर येते. भिंत खरी, वजनदार. अंगाभोवती मोकळी जागा जेमतेम काही इंच. तो जागचा हलतसुद्धा नाही! अशा माणसाच्या हाती एमजीएमने दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद दिले. दारू वाढली, संसार मोडला, १९३३ मध्ये स्टुडिओनेही काढून टाकलं.

तरी 'संपला' म्हणणं अन्यायाचं आहे. पुढे त्याच एमजीएममध्ये तो दुसऱ्यांसाठी विनोद रचत राहिला. १९५२ च्या 'लाइमलाइट'मध्ये चॅप्लिनसोबत पियानोवर बसला, १९६० मध्ये मानद ऑस्करही मिळालं. त्याचा 'द जनरल' हा मूकपट पाहिला नसेल तर आधी तो पाहा. त्यात जळत्या पुलावरून नदीत कोसळणारं इंजिन खरंखुरं आहे.